महादेवप्पांचा ड्रॉवर

फाईल ड्रॉवरमध्ये दडवायची आणि माणूस 'भेटला' की बाहेर काढायची, ही शिक्षण विभागाची जुनी रीत. नव्या अधिकारी चंद्रिका मॅडमनी टेबलांचे ड्रॉवरच काढून टाकायचा हुकूम सोडला, तेव्हा सोलापूरच्या त्या कार्यालयात सगळ्यात खूश झाले ते क्लार्क महादेवप्पा. तीस वर्षांत ते कुणाच्या चहाचेही मिंधे नव्हते. बाकीच्यांची कशी भंबेरी उडते ते बघायला सोमवारी पाऊण तास आधीच येऊन बसले.

पण बाकीचे कसले बेरकी! शनिवारीच सगळं झाडूनपुसून मोकळे. एकेक ड्रॉवर रिकामा निघत गेला. महादेवप्पांचा ओढला, तर विभूतीच्या डबीखाली एक फाईल निघाली. केराबाईची. नवरा शाळेत शिपाई होता, नोकरीत असताना वारला; त्याच्या जागी अनुकंपा नोकरी मिळावी म्हणून तिचा अर्ज. तीन वर्षं पडून.

कागद सगळे जोडलेले होते. पण फाईल पुढे पाठवली आणि उद्या चौकशी लागली तर? डाग नको म्हणून महादेवप्पांनी 'बघू' म्हणत ती आत सरकवली होती. विसरले नव्हते, नुसतं टाळत होते.

"उशिराचं कारण लिहा," मॅडम म्हणाल्या. "पंचेचाळिशी उलटली की नाव यादीतून जातं. बाईंचे चार दिवस उरलेत."

'कागद अपुरे' लिहिलं की महादेवप्पा सुटले. पण फाईल तालुक्याला परत जाणार आणि चार दिवस त्यातच संपणार. खरं लिहिलं तर फाईल आजच पुढे, पण निवृत्तीला आठ महिने असताना सेवापुस्तकात लाल शेरा.

केराबाई बाहेर बाकावर होतीच. दर सोमवारी सांगोल्याहून एसटीनं यायची. महादेवप्पा बाहेर गेले. ती उठून उभी राहिली.

"लोक म्हनायचे, आप्पा पैसं खात न्हाईत. मी म्हनलं, लई ब्येस, आता काम हुनारच की. मग आप्पा, माजं कुटं चुकलं?"

महादेवप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आत गेले आणि उभ्याउभ्याच लिहिलं : कागद पूर्ण होते. उशीर माझ्यामुळे झाला. खाली सही केली, फाईल मॅडमच्या हातात दिली आणि पुन्हा बाकापाशी आले.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. माझं चुकलं. आताच लिहून दिलंय."