सुहासिनीचं लिस्बन

गुरुनाथरावांनी युरोपातली बरीच शहरं पाहिली होती, पण सगळी बाहेरून. गुडघे कुरकुरायचे, आणि चर्च, राजवाडे, म्युझियम यांतलं त्यांना फारसं कळायचंही नाही. त्यांची बायको सुहासिनी तिकीट काढून आत जायची. ते पाण्याची बाटली, दोघांचे कोट आणि तिची पर्स घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. तासाभराने ती बाहेर यायची ती बोलतच.

म्हणून रीमाचा फोन आला तेव्हा ते गडबडले. रीमा म्हणजे अमेरिकेतल्या त्यांच्या ट्रॉय गावातल्या मराठी ज्येष्ठांच्या रविवारच्या कार्यक्रमांचं सगळं बघणारी मुलगी. नोकरी सांभाळून करायची. या महिन्यात सुहासिनी लिस्बनवर बोलणार होती. तिथे गेल्यावर काय पाहावं, काय खावं, संध्याकाळी कुठे जावं. आणि फेब्रुवारीत ती गेली.

“काका, सेशन कॅन्सल करू या का?” रीमा चाचरत म्हणाली. “म्हणजे, श्रीरामकाका रेडी आहेत. त्यांचे व्हिएन्नाचे फोटो आहेत.”

“श्रीरामचे फोटो म्हणजे श्रीरामचेच फोटो. मागे व्हिएन्ना दिसलं तर दिसलं.”

रीमा हसली. “मग काय करू?”

“विषय तिचा आहे, तिच्याच नावावर होऊ दे. मी बोलतो.”

फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं. चार माणसांत उभं राहून ते कधी बोलले नव्हते. पण तिचं ठरलेलं असं हे एवढंच काम उरलं होतं. ते व्हिएन्नाला देऊन टाकावं हे काही त्यांना पटेना.

रविवारी दुपारी लायब्ररीतला हॉल भरला. रीमाने सुहासिनीच्या फोनमधले फोटो पडद्यावर लावले. पहिल्या फोटोत दगडी कमानी होत्या, उंच आणि कोरीव.

“हे… हे फार मोठं आहे,” गुरुनाथराव म्हणाले.

“जेरोनिमोस मठ!” पहिल्या रांगेतून श्रीराम ओरडले. “खाली लिहिलंय!”

“हो, तोच. समोर बाग आहे. तिथले बाक चांगले आहेत. पाठ टेकता येते.”

मागे कोणीतरी हसलं. पुढच्या फोटोत निळ्या फरशांची भिंत होती. गुरुनाथराव तिच्याकडे बघत राहिले.

“गुरुनाथ, खरं सांग,” श्रीराम म्हणाले, “तू आत गेला होतास का?”

“नाही.”

“म्हणजे देवळाबाहेर चपला सांभाळत बसलास!”

सगळा हॉल हसला. रीमाने घड्याळ पाहिलं. श्रीरामचा हात खिशातल्या पेन ड्राइव्हकडे गेला. गुरुनाथरावांना वाटलं, संपलं. गेला तिचा रविवार.

“चपला नाही, पर्स,” ते म्हणाले. “आणि पर्स सांभाळणाऱ्याला आतलं सगळं कळतं. तिकीट न काढता. त्या मठातून ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘अहो, दगड आहे की सुतरफेणी? काय बारीक कोरलंय!’ आणि ही भिंत ना, हिच्यावर अख्खं लिस्बन काढलंय, अडीचशे वर्षांपूर्वी शहर पाडणाऱ्या त्या भूकंपाच्या आधीचं. म्हणाली, ‘मी त्यात आपलं हॉटेल शोधत होते.’”

आता लोक वेगळे हसले. गुरुनाथरावांना जरा धीर आला.

“ही कस्टर्ड भरलेली खुसखुशीत पिठाची वाटी. वर दालचिनी भुरभुरायची आणि गरम असताना खायची. एक खाऊन ती म्हणाली, ‘पुरे, आपल्याला सोसत नाही.’ मग मला परत रांगेत पाठवलं, ‘बाकीच्यांसाठी’ घ्यायला. ते बाकीचे कोण, मला अजून कळलेलं नाही.”

“आणि भाषेचं काय, काका?” रीमाने विचारलं.

“भाषेची भीती नको. ती वेटरला बटाटा म्हणाली, त्याने बटाटा आणला. पाव म्हणाली, पाव आणला. तेव्हापासून सगळ्यांना सांगायची, मला पोर्तुगीज येतं. हा त्यांचा खारवलेला मासा. ‘आपल्या खाऱ्या बांगड्याचा श्रीमंत चुलता,’ असं म्हणाली.”

“आणि नाइटलाइफ?” मागून कोणीतरी ओरडलं.

“आमचं नाइटलाइफ नऊला संपतं. पण एकदा फादो ऐकायला गेलो. हे त्यांचं गाणं. अल्फामा म्हणून जुना भाग आहे, सगळ्या चढाच्या गल्ल्या. तिथे लहानसं हॉटेल. जेवता जेवता गाणं ऐकायचं, पण ते सुरू झालं की दिवे मंद करतात आणि कोणी ब्र काढायचा नाही. बाहेर बाक नव्हता, म्हणून मीही आत. आणि सुहासिनी इतका वेळ गप्प! लग्नानंतर पहिल्यांदाच. गाणं संपल्यावर मला म्हणाली, ‘त्या बाईला काय झालंय, कळलं का हो?’ मी म्हटलं, कोणीतरी गेलंय वाटतं.”

ते घोटभर पाणी प्यायले.

“पुढचा फोटो लाव, रीमा.”

चढाचा रस्ता, पिवळी ट्राम, दुतर्फा घरं. गुरुनाथरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काहीच आठवेना.

“याबद्दल ती बोलली असणार,” ते हळूच म्हणाले. “माझं लक्ष नव्हतं.”

मग श्रीरामच्या शेजारी बसलेली त्यांची बायको नंदा उभी राहिली.

“मला माहीत आहे. तिने फोनवर सांगितलं होतं मला. ट्राम खच्चून भरलेली. ही चढली आणि भाऊजी, तुम्ही खाली राहिलात!”

“अरे हो की!”

“मग पुढच्या स्टॉपला उतरून तिने हा फोटो काढला. तो खालचा ठिपका दिसतोय ना, धापा टाकत येणारा, ते तुम्ही!”

रीमाने फोटो मोठा केला. ठिपक्याच्या हातात दोन कोट होते. हसण्याने खुर्च्या वाजल्या.

“मला तर ती म्हणाली, यांनी ट्राम मुद्दाम सोडली,” तिसऱ्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

“मुद्दाम कशाला सोडेन? तो चढ बघा तरी!”

“मला म्हणाली, तुम्ही दुसऱ्याच ट्राममध्ये बसलात!” आणखी एक बाई म्हणाल्या.

“तीन जणींना तीन गोष्टी!” श्रीराम म्हणाले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि खुर्ची पुढे ओढली. “रीमा, पुढचा लाव. बघू, याचं कोणाला काय सांगितलंय वहिनींनी.”

पुढचा फोटो आला. नदीच्या काठचा पांढरा बुरूज. गुरुनाथराव तोंड उघडणार, तेवढ्यात हॉलच्या दोन कोपऱ्यांतून दोन आवाज एकदमच सुरू झाले. ते एका रिकाम्या खुर्चीवर टेकले.

“एकेक जण बोला,” ते म्हणाले. “मला सगळं ऐकायचंय.”