बांध

मोजणीदारांच्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की वादळ आलं समजून शेजारीण वाळत घातलेले कपडे घरात घ्यायची. थाप नाही ही. तिचा एक टॉवेल उडाला तो आजतागायत सापडलेला नाही.

डिस्क एक, भाऊ दोन. अर्ध्या भागात थोरल्या मोजणीदारांचं विंडोज, उरलेल्यात धाकट्या मास्तरांचं लिनक्स. मशीन सुरू केलं की कोणाच्या घरात जायचं हे विचारायला ते दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात साठी उलटलेले हे दोघे कीबोर्डवर अशी झोंबाझोंबी करत की बाणांच्या कळा गुळगुळीत झाल्या. धाकटा गेला आणि ते दहा सेकंद सरता सरेनात.

आता विंडोज काठोकाठ भरलं. दोघांच्या लहानपणीचे फोटो स्कॅन करून ठेवायचे, तर जागा नाही. धाकट्याची बाजू पुसली की काम झालं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. शेवटी त्यांनी पुतणीला बोलावलं.

तिने आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, मग पडद्यावर डिस्कचा नकाशा उघडला. नकाशा म्हटल्यावर मोजणीदार चष्मा पुसून पुढे सरसावले. दोन बाजूंना दोन निळे पट्टे आणि मधोमध एक काळा.

"हा कोणाचा?"

"कोणाचाच नाही, काका. चाळीस जीबी मोकळे आहेत."

मग तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी काकांची जागा संपत आली, तेव्हा बाबांनी आपल्यातली देऊ केली होती. काका फणकारले होते, तुझी वीतभर जागा नको मला. त्या रविवारी बाबा जेवायलाही उठले नाहीत. आपली हद्द मागे सरकवून त्यांनी काकांच्या भिंतीलगत जागा मोकळी करून ठेवली. वर पोरीला बजावलं, दादाला सांगू नकोस, परत करेल. मोजायला बसला की दिसेलच.

जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणारा हा माणूस स्वतःची डिस्क मोजायला एकदाही बसला नव्हता.

"बांध कोरणारे भाऊ ढिगाने पाहिले," ते म्हणाले, "मागे सरकवणारा हा एकच."

पुतणीने विचारलं, ही मोकळी जागा सगळी विंडोजला जोडू ना?

"जोड. फक्त एक जीबी मध्ये सोड."

"एवढ्याशा जागेचं काय करणार?"

"बांधावर बसायला लागते गं."