तिपाई माझी सवत

होय, मी राजाची खुर्ची बोलतेय. भाट मला सिंहासन म्हणायचे, पण घडवली ती एका सुतारानं. अक्रोडाचं लाकूड, हातांवर काशाचे बैल, पाठीला हस्तिदंत. एवढं रूप असून जन्मभर मी जळले ती एका तीन पायांच्या तिपाईवर. हसा, खुशाल हसा!

हाबूर नदीकाठचं दूर-अदाद हे आमचं चिमुकलं राज्य, अश्शूरच्या सम्राटाचं मांडलिक. सम्राट शिंकला की आमचा राजा नाक पुसायचा. माझ्यावरच्या पहिल्या राजाला त्याच्या भावानं ओढून काढलं, भावाला अश्शूरवाल्यांनी. तिसरा त्यांनीच आणून बसवला. माझ्यावर जीव कुणाचाच नव्हता. सगळ्यांचं लक्ष दाराकडे, उठवायला कोण येतंय म्हणून.

मग चंद्राला ग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले, राजाला मरण आहे. अशा वेळी अश्शूरची रीत तीच आमची. एखाद्या गरिबाला राजा करून बसवायचं आणि खऱ्या राजानं शेतकऱ्याचे कपडे घालून मळ्यात राहायचं. ठरलेले दिवस भरले की बदली राजाला विषाचा प्याला. राजाचं मरण राजाला मिळालं, देव खूश, आणि खरा राजा परत हजर!

पुरोहित नाबूशरनं राजवाड्यातल्या माळ्यालाच धरून आणलं. शुलाय त्याचं नाव. बसताना तो माझ्या हातावरून बोट फिरवत पुटपुटला, "किती नाजूक काम केलंय गं बाई तुझं!" आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथंच भाळले.

पण हा गडी दोन दिवस जेवेना. म्हणे, "पाय अधांतरी लोंबकळतात, घास उतरत नाही."

नाबूशर घाबरला. "खा रे बाबा! मुदतीआधीच मेलास तर सगळं मुसळ केरात."

"मी राजा आहे ना? मग हा माझा हुकूम. माझ्या घरची तिपाई आणा. बायकोही येईल, ती तिपाई कुणाच्या हाती देत नाही."

बदली का होईना, राजाचा हुकूम मोडायची सोय नव्हती. दुपारी अहाती, त्याची बायको, डोक्यावर तिपाई घेऊन हजर.

"अगं बाई! एवढ्या मोठ्या खुर्चीत बसून वाळलात की हो!"

"खुर्ची कसली, पाळणा टांगलाय नुसता."

दोघं खदाखदा हसली. माझ्यावर! आणि ती तिपाई, मेली, रूप ना रंग, एक पाय दोरीनं बांधलेला. रोज सकाळी दरबारात तो माझ्या काठावर अंग चोरून बसायचा. दुपारी जेवायला तिच्यावर मात्र ऐसपैस. मुकुट टोचतो म्हणून माझ्या हाताला अडकवायचा, झगा खरकटा होतो म्हणून माझ्या पाठीवर टाकायचा. माझी खुंटी झाली हो! सवत घरात आणून नांदवत होता, आणि मी बघत होते.

शेवटच्या दुपारी अहाती हसली नाही. दुसऱ्या दिवशी प्याला यायचा होता.

"पळू या हो," ती म्हणाली.

"दारावर पहारा आहे. मी निसटलो तरी तुला धरतील."

इतक्यात वेशीकडून आरडाओरडा झाला. अश्शूरचं साम्राज्य ढासळतंय हे कानावर होतंच. आता मेदी लोकांचं सैन्य आमच्याच गावात घुसलं. पहारेकरी पळाले आणि उघड्या दारातून, चिखलानं माखलेला, शेतकऱ्याच्या वेषातला खरा राजा धावत आत आला.

"महाराज, अजून एक दिवस थांबा! ग्रहणाचा दोष..." नाबूशर गयावया करू लागला.

"खड्ड्यात गेला दोष! मेदी तह करतील तो राजाशी. या माळ्याला खुर्चीत बघितलं तर राज्य त्यालाच देतील!"

त्यानं मुकुट ओढून घेतला, झगा चढवला आणि माझ्यावर बसला. तिपाईवरच्या शुलायकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मेदी सरदार आत आला. "राजा कोण?"

"मी!"

तलवार एकदाच चालली.

"आणि हा कोण?"

"माळी आहे हो माझा नवरा!" अहाती ओरडली. "हाताचे घट्टे बघा त्याचे!"

सरदारानं बघितले. "चालता हो."

शुलायनं तिपाई उचलली, बायकोचा हात धरला आणि गेला. मी रक्तानं निथळत होते. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. तो वाचला याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण जळफळाट त्याहून मोठा होता.

मेद्यांनी माझा हस्तिदंत खरवडून नेला. पुढं पर्शियनांनी मेद्यांना लोळवलं. आता मी त्यांच्या एका सुभेदाराच्या ओसरीत असते. त्याचे दोन मुलगे आत्तापासूनच माझ्याकडे बघून एकमेकांवर दात खातात. मी त्यांच्याकडे बघतही नाही.

परवा समोरच्या बागेत एक माळी उपड्या टोपलीवर बसून काकडी खात होता. त्याची बायको आली. म्हणाली, "सरका की जरा!" तो सरकला. दोघं त्या एवढ्याशा टोपलीवर खेटून बसली.

जळले मी, त्या टोपलीवरसुद्धा जळले. माझ्यावरून माणसं ओढली गेली, ढकलली गेली, कापली गेली. कुणासाठी सरकलं मात्र कुणी नाही.