फुलसिंग हवालदाराची शिट्टी

रूपचंद पाटलाला गावातून हाकललं ते छबूबाईनेच, हे अख्खा तापीकाठ जाणतो. घाटावर आधी पाटलाच्या म्हशी डुंबणार, मग बायकांनी गढूळ पाण्यात घागर बुडवायची, असा त्याचा कायदा. एके सकाळी छबूबाईने गावच्या साऱ्या बायका घाटात आडव्या बसवल्या. तीन दिवसांत पाटील बैलगाडी जोडून जावयाकडे पळाला. गावभर गूळ वाटला!

मग झाली पंचाईत. कुणी कुणाचं ऐकेना. केळीच्या बागेत गुरं, घाटावर रोज झोंबाझोंबी. तेव्हा बसऱ्याच्या लढाईहून परतलेल्या फुलसिंग हवालदाराला छबूबाईच म्हणाली, "भाऊ, आखाजीपावत तूच संभाळ." गळ्यात हारही तिनेच घातला. काय बुद्धी झाली बाईला!

हवालदाराने पलटणीतली शिट्टी काढली. पहिल्या शिट्टीला घागरी, दुसरीला म्हशी. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. मग उठायला शिट्टी आली, चूल विझवायला शिट्टी आली. चार दांडगे लाठ्या घेऊन मागे फिरू लागले. हवालदार पाटलाच्याच ओट्यावर जाऊन बसला. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, चार दिवस असताना दवंडी पिटली: गावाबाहेर कुणी जायचं नाही, बाहेरच्याने यायचं नाही, झोके बांधायचे नाहीत.

छबूबाईची लेक मीना लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी यायची होती. तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून निघालेल्या भाईदासला, छबूबाईच्या मुलाला, लाठीवाल्यांनी शिवेवरून परत पाठवलं. पोर तिकडे उंबऱ्यात उभी असेल, या विचाराने बाईला घास गिळवेना.

पण हवालदार एक गोष्ट विसरला होता. आखाजीच्या दिवसांत बायकांनी शिव्यांची गाणी म्हणायची आणि पुरुषांनी ती मुकाट ऐकायची, अशी तिथली रीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साऱ्या बायका ओट्यासमोर हजर. छबूबाईने त्याच्या मिशांपासून बुटांपर्यंत काही सोडलं नाही. हवालदाराने शिट्टी फुंकली, तर बायकांनी तिच्याच ठेक्यावर टाळ्या धरल्या. लाठीवाले तोंड फिरवून हसायला लागले. तेवढ्यात पुढे आली हवालदाराचीच आई, रुक्मिणीबाई. तिला गाणं सुचेना. "फुलसिंग, मन्ही पोर बी वाट दखी ऱ्हायनी रे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

हवालदार खाली उतरला. शिट्टी छबूबाईच्या हातात ठेवली आणि बहिणीला आणायला गाडी जुंपली. त्याच्या मागोमाग भाईदासची गाडी निघाली.

आखाजीला लिंबाला झोके चढले. मीना आली, साऱ्या माहेरवाशिणी आल्या, आणि झोक्यावरून जुंपली की त्यांची! छबूबाईने कमरेची शिट्टी काढली. म्हटलं, एकदाच. साऱ्याजणी चिडीचूप उभ्या राहिल्या. बाईला इतकं बरं वाटलं की शिट्टी पुन्हा ओठांशी गेली.

"माय," मीना म्हणाली, "तुले मिशा कधी फुटन्यात वं?"

छबूबाई आधी चपापली, मग पोट धरून हसली, आणि तशीच जाऊन शिट्टी तापीच्या डोहात फेकून आली. मीनाला झोका मिळाला, पण उशिरा आणि भांडूनच.