तिला घरात ठिवू नका

रहिमतपुरात लालासाहेबांच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडला होता की माझ्या ठेवायला मला तुळशीमागं जावं लागलं. भर दुपारची वेळ, पण हॉलचे पडदे ओढलेले आणि आत माणसं मांडीला मांडी लावून गप्प बसलेली. कापराचा धूर डोळ्यांत जात होता. दोन महिन्यांपूर्वी वारलेले सुभेदार लालासाहेब आज पुन्हा बोलणार होते, आणि ते ऐकायला पार औंधापासून लोक आले होते.

मी शकुंतला. साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. माझी जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. लालासाहेबांची सून प्रांजल ही माझी भाची, भावाची मुलगी. सकाळी तिचा फोन आला. "आत्या, आज मला घराबाहेर काढणार आहेत. न्यायला तू ये. माझ्या बाबांना कळवू नकोस, त्यांना सोसायचं नाही." पोरीला पाचवा महिना. मिळाली ती एसटी धरून मी आले. ती दाराशीच उभी होती, रडून रडून चेहरा सुजलेला. तिचा नवरा राजस भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता.

"काय झालंय तरी काय?" मी विचारलं.

"बाबा बोलले," ती म्हणाली. "मामंजी. मला घरात ठेवू नका म्हणाले. आत्या, मी पण ऐकलंय. त्यांचाच आवाज होता."

लालासाहेबांना गाण्याबजावण्याची लय हौस. निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये कमरेएवढे दोन स्पीकर, एक जाडजूड वूफर आणि जुना भक्कम अँप्लिफायर बसवला होता. ते हार्ट अटॅकनं गेले, आणि आठवड्याभरात एका संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला आणि कुणी हात न लावता वूफर घुमायला लागला. हूंऽऽ असा खोल आवाज, कपाटातल्या कपबशा थरथरायला लागल्या. लीलाबाई, म्हणजे प्रांजलच्या सासूबाई, फोटोसमोर बसल्या होत्या. त्यांच्या छातीत धडधडलं. "हे घुमाय लागल्यात," त्या म्हणाल्या, आणि तिथून सगळं बिनसलं.

घुमणं हा आपल्याकडचा मोठा घातकी शब्द. भांडं घुमतं, विहीर घुमते, आणि अंगात आलेला माणूसही घुमतो. लीलाबाईंनी शेवटचा अर्थ धरला, आणि शेजारणीनं नादानंद महाराजांचा पत्ता दिला.

हे महाराज समोर पाटावर बसले होते. अंगात रेशमी कफनी, बोटांत पाच अंगठ्या. "नाद म्हणजे व्हायब्रेशन," ते सांगत होते. "आन आत्मा म्हंजे फ्रिक्वेन्सी. दोन्ही जुळली की माणूस बोलतो. पर सरकारी करंटावर आत्मा येत न्हाई. लोकांनी आकडे टाकल्यालं असत्यात, त्या तारंत चोरीचं पाप असतं. बॅटरीचा करंट सात्त्विक. म्हणून मेन स्विच बंद."

माना डोलल्या. स्पीकरही त्यांनी स्वतःच मांडले होते. एक दक्षिणेकडं, यमाच्या दिशेला तोंड करून, दुसरा त्याच्या समोरासमोर, आणि वूफर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, लीलाबाईंच्या अगदी पाठीशी. टीव्हीच्या तारा काढून सगळ्यांना दिसतील अशा भिंतीला टांगल्या होत्या. अँप्लिफायरवर लाल वस्त्र आणि झेंडूच्या माळा. लोकांचे मोबाइल एका पितळी घागरीत जमा केलेले. मी मात्र उशिरा आले होते, माझा पर्समध्येच राहिला.

राजस उठला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

आणि घुमायला लागलं. तो आवाज कानाआधी छातीत शिरत होता. शेजारची बाई माझा दंड धरून बसली. अंधारात लीलाबाईंचा पदर थरथरताना दिसत होता. मग कुणीतरी खोकलं, आणि लालासाहेब बोलले.

"तिला घरात ठिवू नका. माझं ऐका. तिच्यानं एक दिवस घर जळंल."

मी त्या माणसाच्या शेजारी बसून जेवले आहे. तो आवाज त्यांचाच होता, तोच घोगरेपणा, तोच ठसका. आणि तो उजवीकडून येत नव्हता, डावीकडून येत नव्हता, समोरून तर नाहीच. माझ्याच डोक्याच्या आत कुणी बोलावं तसा येत होता. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, पण त्या घटकेला मला खरंच वाटलं, माणूस आलाय.

"ऐकलंत?" महाराज लीलाबाईंना म्हणाले. "मी न्हाई सांगत. मालक सांगत्यात."

लीलाबाई हुंदके देत होत्या. "आवं, पोटुशी हाय वो ती," त्या फोटोला म्हणाल्या. "कशी घालवू?"

उत्तर आलं. खोकला. "तिला घरात ठिवू नका. माझं ऐका..."

या खेपेला मी भीती गिळून नीट कान दिला. खोकला तोच, तेवढाच. आणि वाक्याच्या शेवटी, मागं कुठंतरी, टणटण टणटण असं काहीतरी. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी तेवढंच ऐकलं. नगरपालिकेची घंटागाडी. कचरा न्यायला रोज सकाळी गल्लीत येते ती.

परलोकात लोक काय करतात मला ठाऊक नाही. पण रहिमतपूरची घंटागाडी तिथवर जात असेल असं वाटत नाही. माझी भीती गेली आणि तिच्या जागी नुसता संताप आला.

मी उठून सरळ मेन स्विच वर केला. लाइट लागली, आणि घुमणं एकदम थांबलं. खाली केला, पुन्हा घुमायला लागलं. वर केला, गप्प.

"महाराज, तुमचा आत्मा बटणावर चालतोय की," मी म्हणाले.

"बाई, आत्म्याला तरास हुईल. हात लावू नका."

"आत्म्याला नाही, तुम्हाला होईल. स्वस्त इन्व्हर्टरचा करंट खडबडीत असतो, जुना अँप्लिफायर त्याच्यावर गुणगुणतो. वूफर कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती तो आवाज वाढवतात. म्हणून विहीणबाईंच्या छातीत धडधडतं. घर घुमतंय ते खरं, पण भांडं घुमतं तसं."

मी माळा बाजूला केल्या आणि वस्त्र ओढलं. मागं काडेपेटीएवढी डबी खोचलेली, तिच्यावर निळा ठिपका लुकलुकत होता. ब्लूटूथची. बाहेर महाराजांच्या गाडीत एक शिष्य 'जपाला' बसलेला मी येताना पाहिला होता, त्याच्या हातातला फोन इथं बोलत होता. एका स्पीकरची लाल तार काळ्या जागी जोडलेली होती. तसं केलं की एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला कळत नाही. मी तार सरळ जोडली.

"एवढी तारांची माहिती महाराजांना कशी?" मी लोकांना विचारलं.

औंधचे एक म्हातारे पुढं वाकून बघत होते. "आवं, ह्यो कोंडीबा हाय," ते म्हणाले. "आमच्या पुतण्याच्या लग्नात साउंड लावाय आलता. दाढी नव्हती तवा."

लोक हसले. लीलाबाई मात्र हसल्या नाहीत. "पर आवाज त्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्सं ऐकलाय. त्यो कुटनं आनला ह्यानं?"

हा प्रश्न खरा होता. मी विचारलं, "लालासाहेबांचा फोन कुणाकडे दिला होता का?"

"शुद्धीसाठी मागितलेला," राजस हळूच म्हणाला. "तीन दिवस महाराजांकडं होता."

"त्यांनी तुला आवाजी मेसेज पाठवले होते?"

राजसनं घागरीतून आपला फोन काढला. तो साताऱ्याला कारखान्यात कामाला, वडील रोज सकाळी काही ना काही बोलून पाठवायचे. "लय लांब असायचे," तो म्हणाला. "नंतर ऐकू म्हणायचो." वडील गेले त्याच आठवड्यातला एक मेसेज न ऐकलेला तसाच पडला होता. त्यानं तो लावला.

"राजस, अरं त्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरची बॅटरी बघ. पार फुगलीया." खोकला. "तिला घरात ठिवू नका. माझं ऐका. तिच्यानं एक दिवस घर जळंल." टणटण टणटण. "नवी घिऊन यी. आन प्रांजलला जिन्याखाली जाऊ दिऊ नगंस. ह्या दिवसांत त्यो वास तिला बरा न्हवं. पोरीला जप."

लीलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. राजस फोन हातात धरून जमिनीकडं बघत राहिला, आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला.

मी जिन्याखाली गेले. बॅटरीच्या चारही कडा बाहेर आल्या होत्या, हात जवळ नेला तर धग लागत होती, आणि सडक्या अंड्यासारखा वास. दुपारभर त्या सात्त्विक करंटानं तिला पिळून काढलं होतं, आणि चार हातांवर कापूर जळत होता. मी आधी कापूर विझवायला लावला. दोघांनी जपून तारा सोडवल्या आणि ती अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली.

महाराज उठून निघाले होते, पण शिष्य गाडी घेऊन केव्हाच पसार झालेला. प्रांजलनं पहिल्याच दिवशी 'तारा बघू द्या' म्हटलं होतं, म्हणून महाराजांना ती घरात नको होती. ती गेली की हॉलमध्ये कायमचं 'नादकेंद्र' करायचं ठरलं होतं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि मी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत औंधच्या म्हाताऱ्यांनी त्याला दारात बसवून ठेवलं.

लीलाबाई प्रांजलपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. "चुकलं माजं. नको जाऊस."

प्रांजलनं त्यांचे हात धरून खाली केले. मग शांतपणे म्हणाली, "आई, बाबा खरंच माझ्याबद्दल तसं बोलले असते, तर मला काढलं असतंत?"

तिनं आपली पिशवी उचलली. "मी आज आत्याकडं जाते," ती म्हणाली. "तुम्ही काढलंत म्हणून नाही. परत कधी यायचं ते मी ठरवीन."

नादाला नादी लागणारे मिळतातच, म्हणून सांगते. उद्या तुमच्या घरात मेलेलं माणूस बोललं, तर घाबरा खुशाल, मीही घाबरले होते. पण घाबरल्यावर विचारा, आवाज कुठून आला, कुणी आणला, आणि त्यात कुणाचं फावतंय. आणि खुद्द देवानं जरी सांगितलं, तरी जित्या माणसाला दाराबाहेर काढण्याआधी आपली अक्कल वापरा. लालासाहेबांनी जाता जाता सुनेला जपायला सांगितलं होतं. घरच्यांना त्यातला राग तेवढा ऐकू आला.