देल्मोच्या खिडकीतली फट

देल्मो मेला तेव्हा त्याच्या बायकोला, इर्माला, एकच धास्ती होती. गावासमोर शोभा व्हायला नको. समोरच्या घरातल्या नीवेस नावाच्या बाईकडे त्याचं जाणं-येणं सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कोणी बोलत नव्हतं आणि इर्माला तेवढं पुरत होतं.

आमच्या डोंगरावर सगळेच ॲनिमोनची फुलं लावतात. सरळ, लांब दांड्यांची सान रेमोच्या बाजारात जातात, वाकडी घरी राहतात. इर्माने शवपेटीभोवती बादल्या भरभरून वाकडीच मांडली. सुतकाच्या खोलीत असतात तशा खिडकीच्या झडपा लावून घेतल्या, मेणबत्त्याही लांब ठेवल्या. उबेने फुलं भसकन उमलतात आणि पाकळ्या गळतात ना!

इथपर्यंत शहाणपणा. पण ॲनिमोन तोडल्यावरही वाढतं आणि उजेडाकडे मान वळवतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असलेलं नेमकं तीच विसरली. झडपेची एक पट्टी तर देल्मोने कधीचीच काढून ठेवलेली. हवेसाठी म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पेटी न्यायला आलो, तर लाल, जांभळी, पांढरी, झाडून सगळी फुलं माना ताणून त्या फटीकडे बघतायत. फटीपलीकडे, हात लांबवला तर लागेल अशी, नीवेसची खिडकी.

अंत्ययात्रेसाठी आलेल्या बँडचा ढोलवाला उगाच खोकला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"वहिनी," देल्मोची बहीण तेक्ला म्हणाली, "दादाने फुलांना चांगलंच वळण लावलंय!"

"उजेडाकडे वळतात ती, वन्सं. तुम्हाला काय नवीन आहे?"

"छे गं. दादाही उजेडाकडेच वळायचा."

इर्माने रागारागाने बादल्या गरागरा फिरवल्या. आता सगळी फुलं पाद्रीबाबांकडे बघायला लागली. पाद्रीबाबा घाईघाईने बाजूला सरकले. आता मात्र सगळी खोली हसली.

"घ्या! हवा तेवढा उजेड घ्या!" म्हणत तिने झडपा धाडकन उघडल्या.

समोर नीवेसच्या खिडकीत काचेची बरणी. बरणीत ॲनिमोन. लांब, ताठ, बाजारातही सहज न मिळणारी. तीही उजेडाकडे, म्हणजे आमच्याकडेच, तोंड करून.

इर्मा बघतच राहिली.

"आणि मला सांगायचा," ती हळूच म्हणाली, "यंदा सगळंच पीक वाकडं आलंय."

कोणी हसलं नाही. ती खिडकीतून वाकली.

"नीवेस! ये इकडे. पेटीवर ठेवण्यासारखी फुलं तुझ्याकडेच आहेत."

नीवेस खरंच आली, बरणी कवटाळून. इर्माने एकेक दांडा डोळ्यांसमोर धरून पारखला.

एकही वाकडा नव्हता.