रिकामा होल्डर

अंगणात त्या संध्याकाळी त्रेचाळीस माणसं होती. ओसरीवर एक मोठा टीव्ही, छपराच्या वळचणीला एक कॅमेरा, पायरीशी पाण्याने भरलेली एक बादली, आणि कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर बल्बचा एक रिकामा होल्डर. चपला पंच्याऐंशी; एखादी कुत्र्याने पळवली असावी. आत्याने हे सगळं मोजलं, कारण हात शिवशिवत होते आणि वेळ अजून आली नव्हती.

"दिवे!" चेला ओरडला. घरातले, अंगणातले, शेजाऱ्यांचेसुद्धा दिवे पटापट मालवले गेले. टीव्हीवर अंगणाचं चित्र काळंपांढरं झालं आणि खुर्चीत बसलेल्या उजेडबाबांचं डोकं झगझगीत पांढरं पेटलं. खुर्चीकडे थेट पाहावं तर नुसता अंधार. टीव्हीकडे पाहावं तर तेजाचा गोळा.

"आई गं!" कुणीतरी हुंदका दिला.

"बाळांनो," बाबांचा आवाज लोण्यासारखा ओघळला, "माणूस खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील. कॅमेरा खोटं बोलत नाही! त्याला ना भक्ती, ना भीती. जे आहे ते तो दाखवतो. आणि काय दाखवतो?"

"तेज!" अंगण गरजलं.

आत्याने पर्स जवळ ओढली. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून प्रकाशाचे प्रयोग करून घेई. आज दुपारीच ती भावाकडे आली होती, कारण वहिनीने बाथरूममध्ये कोंडून घेऊन दबक्या आवाजात फोन केला होता. "ताई, तुम्ही या. ह्यांनी खारूच्या गोळ्या बंद केल्यात. बाबांनी सांगितलं म्हणून."

खारू म्हणजे भाची. नऊ वर्षांची, खारीसारखी कुठेही चढणारी. तिला फिट्स येत, पण रोजच्या गोळीने वर्षभर आल्या नव्हत्या. आणि गोळ्या बंद करणारा बाप कोण? औषधांच्या दुकानाचा मालक. चिठ्ठीशिवाय गिऱ्हाइकाला साधी झोपेची गोळी न देणारा आत्याचा दादा. पोरीला शाळेच्या जिन्यावर फिट आली, हनुवटीला टाके पडले, तेव्हा बाबा म्हणाले, "जुना अंधार बाहेर पडतोय, पडू द्या." दादाने मान डोलावली.

आज राहिलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर बादलीत विरघळवायच्या होत्या.

आत्याने आल्या आल्या कॅमेरा पाहिला. तो तिनेच बसवला होता आणि आपल्या फोनला जोडला होता, दादाची गाडी कुणीतरी खरवडून गेलं तेव्हा. रात्रीही चित्र रंगीत यावं म्हणून शेजारी बल्ब लावला होता. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे भिंगात थेट उजेड घुसणार नाही आणि भिंतीवरून परतलेला अंगणभर पसरेल. अंधारात चोराचा शर्ट लाल की हिरवा हे कॅमेरा सांगू शकत नाही. एवढ्याशा बल्बने सांगू शकतो. मग वहिनी सांगते तसं रात्रीचं चित्र काळंपांढरं का?

"बाबांनी पहिल्याच दिवशी बल्ब काढायला लावला," वहिनी म्हणाली होती.

तेव्हाच आत्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं. आणि पर्समध्ये बल्ब पडला होता.

"लेकराला आणा," बाबा म्हणाले. खारू पुढे आली. कपाळावर काळ्या कापडाची रुंद पट्टी. टीव्हीवर तिचं कपाळही लखलखलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबांनी आपला घामेजलेला पंजा पोरीच्या गालावरून फिरवला आणि पोर अंग चोरून उभी राहिली. ते अंग चोरणं त्रेचाळीस जणांतल्या आत्याशिवाय एकालाही दिसलं नाही.

"तेज उतरलं! आता गोळी कशाला? गोळी म्हणजे अंधार. अंधाराने तेज विझतं. बापाने पुढे यावं."

दादा खोका घेऊन बादलीपाशी वाकला.

आत्या ओट्यावर चढली आणि अंधारातच बल्ब होल्डरमध्ये फिरवला. बटण चालूच होतं. बल्ब काढल्यावर बटणाकडे कोण बघतो? अंगण उजळलं. कॅमेऱ्यातून टक् असा बारीक आवाज आला आणि टीव्हीवर रंग भरले. निळी खुर्ची, वहिनीची पिवळी साडी, आणि बाबांच्या डोक्यावर कळकट काळी टोपी, कडेला घामाची पांढरी रेघ. तेज गायब.

"मूर्ख पोरी!" बाबा कडाडले. "दैवी तेजाला कृत्रिम दिवा सोसत नाही!"

"बंद कर तो! काढ!" लोक उठले.

"बसा हो," आत्या म्हणाली. "तेज दिव्याला घाबरतं ना? दिवा असाच राहू दे. बघू या." तिने फोनवर बोट टेकवलं. टक्. दिवा तसाच जळत होता, पण टीव्ही काळापांढरा झाला आणि टोपी पुन्हा पेटली. पुन्हा बोट. टक्. विझली. टक्. पेटली.

"दिवा तर चालूच आहे की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"बाबा, तुमचं तेज माझ्या फोनच्या हुकमात कसं काय हो?"

बाबांना एकदम खोकला लागला.

"दादा, टीव्हीचा रिमोट दे." तिने तो कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. पडद्यावर रिमोटचं टोक पांढरं लुकलुकलं.

"अगं बाई, रिमोटलाही सिद्धी!" एक म्हातारी म्हणाली, आणि पहिल्यांदा अंगणात हसू फुटलं.

"सिद्धी नाही, आजी. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. रिमोटमध्ये तोच असतो. दिवसा कॅमेरा एक काच आड धरून तो अडवतो, नाहीतर रंग बिघडतील. अंधार झाला की ती काच बाजूला सरते. टक् वाजतं ते तेच. मग टोपीतला हा प्रकाश आत जातो आणि पांढरा दिसतो. म्हणून बाबांना बल्ब नको होता."

"आत्या," खारू म्हणाली, "ही पट्टी गरम होते. आणि चेलाकाका रोज ती शक्ती भरायला घेऊन जातो."

आत्याने पट्टीची शिवण फाडली. आत मसुरीएवढे तीन दिवे आणि चपटी बॅटरी. "ही घ्या शक्ती. भरायला चार्जर लागतो."

बाबा मागच्या दाराने सटकले, चेल्याला मागे टाकून. आता माणसं लाजतील, असं आत्याला वाटलं होतं. पण बँकेतले साहेब चपला शोधता शोधता म्हणाले, "ते ठीक आहे, पण काहीतरी शक्ती असेलच हो." दुसरे म्हणाले, "मला आधीच शंका होती." आत्याला त्या घामट पंज्यापेक्षा या वाक्याची जास्त किळस आली.

दादा अजून बादलीपाशीच होता. "कॅमेऱ्यात दिसलं गं मला," तो म्हणाला.

"दिसलं ना? मग पोरीच्या हनुवटीचे टाके नाही दिसले? शिकलेला माणूस तू! चमत्कार दिसला की एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. दिवा लावून बघायचं. एवढं करायला देव आड येत नाही, आणि आला तर तो देव नव्हे. गोळ्यांचा खोका इकडे दे."

त्याने दिला. सकाळी डॉक्टरांनी त्याला पोरीसमोर झापलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बल्ब होल्डरमध्येच राहिला.

गोळ्या बंद होत्या ते एकोणीस दिवस : फिट्स चार. त्यानंतरचे सहा महिने : एक, तापात.